गॅरेजमधली बुलेट आणि फार्नबरोची मिस शिलिंग

आमच्या गॅरेजमध्ये गेली दोन वर्षं गाडी ठेवायला जागा नाही. गाडी बाहेर पावसात उभी असते आणि आत, कोरड्यात, एक बुलेट ३५० सुटी होऊन पडलेली असते. आमच्या धाकटीने ती विकत घेतली तेव्हा एक सांगाडा, दोन चाकं आणि तीन खोके एवढाच ऐवज होता. मद्रासला बनलेली आणि इथे आयात झालेली गाडी. म्हणजे घराणं रेडिचचं, जन्म मद्रासचा आणि संसार पुन्हा इंग्लंडात. रॉयल एनफील्डने १९५५ मध्ये बुलेट मद्रासला नेली, १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उत्पादन बंदही पडलं, आणि १९७७ पासून मद्रासच्या बुलेट उलट इकडे यायला लागल्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा प्रवास ओळखीचा वाटेल.

गाडी आली त्याच वर्षी धाकटीने विद्यापीठात न जाता एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून नाव घातलं. खरं सांगायचं तर हे आम्ही बरेच महिने कोणाला सांगितलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की "मुलगी काय करते?", तर "अजून ठरतंय" म्हणायचं आणि प्रसादाच्या रांगेत पुढे सरकायचं. थोरला फार्मसी करतो हे मात्र न विचारता सांगायचं. ती मागे उभी राहून ऐकत असायची. तेव्हा काही बोलली नाही, पण घरी आल्यावर कपडे बदलून थेट गॅरेजमध्ये जायची.

या बुलेटला तिला सुपरचार्जर आणि फ्युएल इंजेक्शन बसवायचं होतं. आम्ही विचारलं, चांगली धडधडत चालणारी गाडी आहे, तिला हे कशाला? त्यावर तिने जे समजावलं ते आम्हाला इतकं आवडलं की पुढचे कित्येक महिने आम्ही वाचनालयातून पुस्तकं आणत राहिलो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

हवेचा हिशोब

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पिस्टन खाली जातं, हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर पेट्रोल येतं, ठिणगी पडते आणि धक्का बसतो. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पण ते जळायला हवा पाहिजे, आणि साधं इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी आत शिरेल तेवढीच हवा घेतं. जास्त हवा हवी असेल तर इंजिन मोठं करा, जोरात फिरवा, नाहीतर हवा दाबून आत कोंबा. हवा कोंबणाऱ्या यंत्राला इंजिननेच पट्ट्याने किंवा गिअरने फिरवलं तर तो सुपरचार्जर, आणि धुराड्यातून जाणाऱ्या वायूने फिरवलं तर टर्बो.

कल्पना इंजिनाएवढीच जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स बंधूंनी हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट १८६० मध्येच घेतलं होतं, तेव्हा मोटारीचं नावही नव्हतं. पुढे तेच यंत्र मोटारींच्या इंजिनांवर चढलं. धुराड्यातल्या वाया जाणाऱ्या वायूचा उपयोग करण्याचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतलं. या विद्येला खरा जोर दिला तो विमानांनी. उंचावर हवा विरळ असते. साधारण साडेपाच हजार मीटरवर तिचा दाब जमिनीवरच्या हवेच्या निम्माच भरतो, त्यामुळे इंजिनाचा दम तुटतो. हवा कोंबल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

आता पेट्रोलचा भाग. कार्बोरेटर हे फार हुशार पण साधं यंत्र आहे. एका छोट्या वाटीत पेट्रोल असतं, त्यावर फ्लोट तरंगतो. आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसाच. पातळी खाली गेली की झडप उघडते, भरली की बंद होते. शेजारच्या निमुळत्या नळीतून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. इंजेक्शनमध्ये अशी ओढाओढ नसते. पंप दाबाने पेट्रोल आणतो आणि नोझल मोजून फवारतं.

नोझल म्हटल्यावर आमच्या घरातल्या आजींनी मान वर केली. त्या नाशिकच्या. आजोबांनी आयुष्य मायकोच्या कारखान्यात काढलं, आणि नाशिकच्या मायकोमध्ये काय बनतं तर डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल. (२००८ पासून कंपनीचं नाव बॉश झालं, पण नाशिकची जुनी माणसं मायकोच म्हणतात.) आजी म्हणाल्या, "ते सांगायचे, केसापेक्षा बारीक फरक पडला तरी माल परत." बरोबरच आहे. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आम्हाला वाटत होतं की हे फॅड पोरीने इथे उचललं. आजींच्या मते ते आजोबांकडून आलं.

चौदाव्या वर्षीची रॉयल एनफील्ड

वाचता वाचता एक नाव सापडलं आणि आम्ही तिथेच थांबलो: बिआट्रिस शिलिंग. जन्म ८ मार्च १९०९, हँपशरमधलं वॉटरलूव्हिल. वडील खाटिक. मुलीला लहानपणापासून अवजारांचा नाद. चौदाव्या वर्षी तिने स्वतःसाठी मोटरसायकल घेतली, ती होती टू-स्ट्रोक रॉयल एनफील्ड. धाकटीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने पाना खाली ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा वाचा."

शाळा संपल्यावर शिलिंग विजेची कामं करणाऱ्या एका कंपनीत लागली. ती कंपनी मार्गारेट पार्ट्रिज या इंजिनिअर बाईंनी काढलेली होती. तारा ओढायच्या, जनरेटर बसवायचे, असं काम. या पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढे शिक म्हणून मागे लागून मँचेस्टरच्या विद्यापीठात पाठवलं. १९३२ मध्ये ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली आणि पाठोपाठ मेकॅनिकलमध्ये एम.एस्सी. त्यानंतर बर्मिंगहॅमला प्राध्यापक मकलो यांच्या हाताखाली तिने संशोधन केलं. विषय होता सुपरचार्जर लावलेलं एक सिलिंडरचं इंजिन.

हा विषय दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, आणि आमच्या गॅरेजमधली निम्मी डोकेदुखी नेमकी हीच आहे. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं. सुपरचार्जर मात्र सारखा हवा ढकलत असतो. मग मधल्या वेळात ती हवा जाणार कुठे? म्हणून दोघांच्या मध्ये एक टाकी ठेवावी लागते. तिथे हवा साठते आणि झडप उघडली की आत जाते. टाकी लहान झाली तर दाब हेलकावे खातो, फार मोठी झाली तर मूठ पिळल्यावर गाडी विचार करून मग पळते.

ब्रुकलँड्स

लंडनच्या नैर्ऋत्येला वेब्रिजजवळ १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा शर्यतीचा मार्ग बांधला गेला. काँक्रीटचा, पावणेतीन मैलांचा, वळणांवर भिंतीसारखा चढत जाणारा. सुरुवातीच्या काळात तिथे बायकांना पुरुषांबरोबर शर्यतीत उतरू देत नसत. मोटरसायकलवाल्यांमध्ये तिथला सगळ्यात मोठा मान म्हणजे गोल्ड स्टार. शर्यतीत ताशी शंभर मैलांपेक्षा जास्त वेगाने एक फेरी मारली की छातीवर लावायला सोन्याचा छोटा तारा मिळायचा. बीएसएच्या गोल्ड स्टार गाडीचं नावही त्यावरूनच पडलं. संबंध इतिहासात हा तारा फक्त तीन बायकांनी मिळवला: १९३४ मध्ये फ्लोरेन्स ब्लेंकिरन, त्याच वर्षी बिआट्रिस शिलिंग आणि १९३९ मध्ये थेरेसा वॉलक. (ब्लेंकिरन आणि वॉलक या दोघी १९३४-३५ मध्ये साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवरून लंडनहून थेट केपटाउनला गेल्या होत्या. तो एक वेगळाच लेख होईल.)

शिलिंगची गाडी होती नॉर्टन एम-३०, ४९० सीसी, एक सिलिंडर. ती खोलायची, जुळवायची सगळी कामं ती स्वतः करी. तिने त्या नॉर्टनला सुपरचार्जर बसवला आणि ब्रुकलँड्सवर १०६ मैलांपर्यंत वेग नेला. त्या काळचे टायर, त्या काळचे ब्रेक आणि खडबडीत काँक्रीट लक्षात घ्या. नवरा जॉर्ज नेलर यानेही गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय ती लग्नाला उभी राहिली नाही, असं सांगतात. लग्न झालं १९३८ मध्ये.

सुपरचार्जरचं वेड त्या वेळी सगळीकडेच होतं. जर्मनीचा एर्न्स्ट हेन्नं याने २८ नोव्हेंबर १९३७ रोजी ५०० सीसीच्या बीएमडब्ल्यूवर ताशी २७९.५ किलोमीटरचा विक्रम केला, तो चौदा वर्षं टिकला. ब्रुकलँड्सवरच १९३९ मध्ये नोएल पोपने सुपरचार्जरवाल्या ब्रफ सुपिरिअरवर १२४.५१ मैलांची फेरी मारली. त्याच वर्षी जूनमध्ये आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी गेऑर्ग मायरने बीएमडब्ल्यूच्या कॉम्प्रेसरवर जिंकली. ही शर्यत परदेशी गाडीवर जिंकणारा तो पहिला परदेशी स्वार. त्याचा साथीदार कार्ल गाल सरावात पडून मरण पावला होता, हेही नोंदवायला हवं. तीन महिन्यांच्या आत युद्ध सुरू झालं. ब्रुकलँड्सच्या शर्यती थांबल्या त्या कायमच्या. तिथे विमानांचे कारखाने चालत होते, त्यांना सगळी जागा लागली.

वायसरएवढी गोष्ट

शिलिंग १९३६ मध्येच फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागली होती. १९४० मध्ये तिच्यापुढे जो प्रश्न आला त्यात कार्बोरेटर आणि इंजेक्शन समोरासमोर उभे होते.

स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. सुपरचार्जरसह, पण फ्लोटवाल्या कार्बोरेटरचं. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये डेमलर-बेंझचं इंजिन होतं, आणि त्याला थेट इंजेक्शन होतं. जर्मन वैमानिक अडचणीत आला की नाक खाली दाबून सरळ सूर मारायचा. इंग्लिश वैमानिकाने तसं केलं की त्याचं इंजिन अडखळायचं. कारण नाक झटकन खाली दाबलं की वाटीतलं पेट्रोल वर फेकलं जातं. क्षणभर जेट कोरडे पडतात, ही पहिली उचकी. मग फ्लोट तळाला जातो, झडप सताड उघडते, पंप पेट्रोलचा पूर लोटतो आणि इंजिन त्यात बुडतं. काळा धूर निघतो, कधी इंजिन बंदच पडतं. म्हणून वैमानिक आधी विमान पालथं करून मग खाली वळवत. तेवढ्यात शत्रू निसटलेला असे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कार्बोरेटर ठेवण्यात रोल्स-रॉइसचा मूर्खपणा नव्हता. सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल मिसळलं की त्याची वाफ होताना हवा सुमारे पंचवीस अंशांनी थंड होते, थंड हवा दाट असते आणि ताकद वाढते. त्यांनी विचारपूर्वक एक फायदा घेतला आणि त्याबरोबर एक तोटा पदरात आला.

नवा कार्बोरेटर घडवायला वेळ लागणार होता. शिलिंगने मधला उपाय शोधला. पेट्रोलच्या नळीत बसणारा पितळेचा एक छोटासा तुकडा, आधी अंगुस्तानासारखा, नंतर चक्क चपट्या वायसरसारखा. मधल्या भोकाचं माप असं की इंजिनाला पूर्ण ताकदीला लागतं तेवढं पेट्रोल जाईल, त्याहून जास्त नाही. म्हणजे झडप उघडी राहिली तरी पूर येणार नाही. पहिली उचकी राहिली, पण बुडणं थांबलं. विमान कामावरून न काढता हे बसवता येत होतं. मार्च १९४१ पासून ती थोडे सहकारी घेऊन विमानतळ-विमानतळ फिरली आणि तुकडे बसवून घेतले. त्याचं अधिकृत नाव आरएई रिस्ट्रिक्टर. वैमानिकांनी मात्र "मिस शिलिंग्ज ऑरिफिस" असं चावट नाव पाडलं. ऑरिफिस म्हणजे भोक. लग्नाला तीन वर्षं झाली होती तरी नावात मिसच राहिली.

बरेच जण सांगतात की या तुकड्याने 'बॅटल ऑफ ब्रिटन' जिंकली. तसं नाही. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात झाली, तुकडा आला पुढच्या वर्षी. मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी सांगताना एवढं जपून सांगावं. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला फुगवायची गरज नाही. दाबाने पेट्रोल देणारे नवे कार्बोरेटर येईपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, या वायसरने काम भागवलं.

आणखी एक योगायोग आम्हाला रात्री झोपू देईना. जर्मन विमानांतल्या इंजेक्शनमागे बॉशची विद्या होती. या कंपनीने १९२७ पासून डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले होते. तीच विद्या पुढे नाशिकला आली, आणि आजोबांनी आयुष्यभर ज्या सुया मोजल्या त्या त्याच घराण्यातल्या.

पुढे काय झालं

युद्धानंतर, १९४६ मध्ये, मोटरसायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी घातली. सुपरचार्जर गृहीत धरून आखलेली एजेएसची गाडी त्याच्याशिवाय धावली, आणि तिच्यावर लेस ग्रॅहम १९४९ मध्ये ५०० सीसीचा पहिला जागतिक विजेता झाला. शर्यतीतून गेलेली ही विद्या रस्त्यावर परत यायला पस्तीसेक वर्षं लागली. १९८२ मध्ये होंडाने सीएक्स ५०० टर्बो काढली. टर्बो आणि कॉम्प्युटरने चालणारं इंजेक्शन, दोन्ही एकत्र, दुकानात मिळणाऱ्या गाडीत. ती फार काळ चालली नाही. महाग होती आणि दम भरायला वेळ घ्यायची. २०१५ मध्ये कावासाकीने सुपरचार्जरवाली एच-टू विकायला काढली. इंजेक्शन मात्र घराघरांत पोचलं. एप्रिल २०२० मध्ये भारतात धुराचे नवे नियम लागू झाले, आणि तिकडच्या नव्या बुलेटचाही कार्बोरेटर गेला.

शिलिंगबाई फार्नबरोला १९६९ पर्यंत राहिल्या. ओल्या धावपट्टीवर ब्रेक कसे लागतात यावर काम केलं, सुट्टीच्या दिवशी मोटारींच्या शर्यतीत भाग घेतला. ओबीई मिळाली, १९६९ मध्ये सरे विद्यापीठाची मानद डॉक्टरेट मिळाली. १८ नोव्हेंबर १९९० रोजी त्या गेल्या. त्यांचे शर्यतीतले बिल्ले आणि चषक २०१५ मध्ये ब्रुकलँड्सच्या संग्रहालयाने घेतले.

आमचं भोक

आता आमची फजिती. बुलेटचं इंजिन मूळचं अठरा हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन कमी, म्हणजे हवा कोंबायला तसं बरं. धाकटीने सुपरचार्जर बसवला, टाकी वेल्ड केली, चाकाच्या फेऱ्या आणि हवेचा दाब मोजणारे सेन्सर लावले, पंपाला वीज पुरेना म्हणून अल्टरनेटर बदलला. जुना कार्बोरेटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला. आपणही हातभार लावावा म्हणून पेट्रोलच्या नळीचा एक जोड आम्ही आणला आणि मोठ्या कौतुकाने बसवला. बाहेरून माप बरोबर होतं. आतलं भोक कोणी पाहिलं?

हळू चालवताना सगळं छान. पण मशीनवर पूर्ण मूठ पिळली तेव्हा हवा भरपूर गेली आणि पेट्रोल आमच्या जोडापाशी अडलं. पेट्रोल कमी पडलं की आग थंड होत नाही, उलट भडकते. दहा सेकंदांत पिस्टनला नाण्याएवढं भोक पडलं. सहा महिन्यांची कमाई गेली.

आम्हाला वाटलं आता रडेल किंवा ओरडेल. तिने नळी सोडली, जोड काढला, कॅलिपरने भोक मोजलं आणि कागदावर आकडा लिहिला. मग म्हणाली, "बाबा, तुमचा रिस्ट्रिक्टर फारच कडक झाला." आजींनी तो पिस्टन मागून घेतला. खिडकीपाशी नेऊन भोकातून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हे दाखवलं असतं तर ते रात्रभर बसले असते गं तुझ्याबरोबर."

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोललो. पार्ट्रिजबाईंनी त्या काळी एका खाटिकाच्या मुलीला पुढे ढकललं. आम्ही मात्र आमच्या मुलीचं काम चारचौघांत सांगायला लाजत होतो. इतकी वर्षं आम्ही ज्या देशात राहतो तिथे हा इतिहास वीस-पंचवीस मैलांवर पडलेला होता, आणि तो आमच्या घरी आला तो तिच्यामुळे.

नवा पिस्टन बसला आहे. जोडही नवा आहे, या वेळी तिने स्वतः मोजून घेतलेला. विमा कंपनीला सगळे बदल कळवून झाले की गाडी रस्त्यावर येईल. पुढच्या गणपतीला कोणी विचारलं तर आम्ही उत्तर तयार ठेवलं आहे: धाकटी इंजिनं बनवते.

वसंतात ब्रुकलँड्सला एक सहल काढावी असं मनात आहे. काँक्रीटच्या उतारावर अजून चढून जाता येतं, मुलांना पळायला जागा आहे आणि विमानंही बघायला मिळतात. ज्यांना यायचं आहे त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावं. डबे आपापले आणावेत. पुऱ्या आमच्याकडे.